करारापूर्वी कारखाना पाहावा
विद्यापीठ, उद्योग आणि शासन यांच्या समन्वयाचे काम आपण नव्याने हाती घेतले आहे, म्हणून आग्रहाने सांगतो, की सामंजस्य कराराची घाई न करता नवी मुंबईतील रबाळे किंवा महापे येथील एखाद्या लहान कारखान्याच्या प्रत्यक्ष अडचणीपासून आरंभ करावा. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायने, औषधे आणि अभियांत्रिकीचे उद्योग शेजारी-शेजारी असल्याने असे प्रश्न शोधायला दूर जावे लागत नाही. संशोधनाची मालकी कोणाची, हे आधीच लेखी ठरवावे. शोधनिबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी पेटंटचा अर्ज दाखल करावा, कारण १९७० च्या पेटंट कायद्यानुसार शोध नवा असावा लागतो आणि आधीच्या प्रसिद्धीने ते नवेपण सहसा संपते (प्राध्यापकांची प्रकाशनाची निकडही खरीच असते, ती समजून घ्यावी). शासकीय अनुदान बहुधा हप्त्यांनी मिळते. म्हणून मिळालेला निधी ठरल्या कामावर खर्च झाल्याचे दाखवणारी उपयोगिता प्रमाणपत्रे वेळेवर द्यावीत.