जंताचं औषध देण्याआधी वजनकाटा काढा

ताई, तुम्ही लिहिलंत की मांजरीची दोन पिल्लं पार्किंगमधून उचललीत, घरात लहान मुलं आहेत. पिल्लांचं वय साधारण 5 आठवडे, पोट नगाऱ्यासारखं पण पाठीचा कणा हाताला लागतोय, 4 दिवस शी पातळ आणि काल एकाने शेवईसारखा जंत ओकला. शेजारच्या काकू म्हणतात, मुलांचं जंताचं सिरप अर्धा चमचा द्या. ते सिरप आधी कपाटात ठेवा, मग पुढचं वाचा.

मुलांच्या सिरपमध्ये बहुधा अल्बेंडाझोल असतं. 10 फेब्रुवारीला शाळेत जंतनाशक गोळी देतात, तेच औषध. 12 किलोच्या मुलाला 400 मिलिग्रॅम देतात. नेहमीच्या सिरपच्या अर्ध्या चमच्यात साधारण 100 मिलिग्रॅम असतं आणि तुमचं पिल्लू असेल 400 ग्रॅमचं. म्हणजे वजनाच्या हिशेबाने मुलाच्या सातपटीहून जास्त. शिवाय हे औषध मांजराच्या अस्थिमज्जेला बाधू शकतं. व्हेट या वयात सहसा पायरँटेल किंवा फेनबेंडाझोल देतात, तेही वजन करून. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर डबा ठेवा, काटा शून्यावर आणा आणि पिल्लू डब्यात बसवा. वळवळतं, पण जमतं.

पिल्लाने ओकला तो गोलकृमी. तो आईच्या दुधातून येतो. मांजरीच्या अंगात अळ्या निपचित पडून असतात, ती पाजायला लागली की दुधात उतरतात. त्यामुळे रस्त्यावरच्या पिल्लाला जंत आहेत असं धरूनच चालायचं. औषधाने आतड्यातले मोठे जंत मरतात, अंगात फिरणाऱ्या अळ्या मात्र सुटतात आणि पुढे आतड्यात येऊन मोठ्या होतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून दर 15 दिवसांनी डोस, साधारण 2 महिन्यांची होईपर्यंत, मग 6 महिन्यांपर्यंत महिन्याला एक. ‘एकदा दिलं होतं’ याला काही अर्थ नाही. डोसनंतर एक-दोन दिवस शीतून जंत पडतील, घाबरू नका. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी, आणि तो पिसवांमुळे होतो. मग पिसवाही घालवाव्या लागतात. पण कुत्र्यांची पिसवांची पावडर चुकूनही लावू नका, तिच्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येतात.

आता माझी चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक तांबूस बोका आला, एवढासाच. जंताचे दोन डोस झाले, जंत पडायचे थांबले, पण शी पातळच, वर शेंबडासारखी चिकट आव आणि रक्ताची रेघ. मी आपली खाणं बदलत बसले. दहीभात, चिकनचं पाणी, पुन्हा दहीभात. (मांजर मांसाहारी आहे हे मला तेव्हा कोणी सांगायला नको होतं, पण घरात सगळ्यांचं पोट दहीभाताने बरं होतं ना!) वही काढून वजन लिहीत होते: 430, 425, 410. लिहीत होते, वाचत नव्हते. आठव्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात शी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आणि निघाला कॉक्सिडिया. हा जंत नव्हेच, एकपेशीय जीव. जंताच्या औषधाने त्याचं काही बिघडत नाही, त्याला टोल्ट्राझुरिल किंवा सल्फाचं औषध लागतं. जिआर्डिया हा आणखी एक एकपेशीय जीव, त्याची शी ओळखू येते ती घाण वासावरून. पण वासावरून औषध ठरवायचं नाही, नमुना द्यायचा.

गाईचं दूध आजच बंद करा, साखर आणि पाणी घालूनही नको. त्यातली दुधाची साखर पिल्लांना पचत नाही आणि निम्मे जुलाब तिथूनच येतात. 5 आठवड्यांची पिल्लं पिल्लांचं ओलं खाणं कोमट पाण्यात कालवून खातात. ते मिळेपर्यंत एक-दोन दिवस उकडून चुरलेलं चिकन चालेल, मीठ, कांदा, लसूण काही नको. पिल्लू गार लागत असेल तर मात्र आधी ऊब, मगच खाणं. गार पिल्लाला पचत नाही.

हिरड्या पांढुरक्या, खाणं बंद, उलट्यांवर उलट्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका. पॅनल्युकोपेनिया नावाचा विषाणू असाच सुरू होतो आणि पिल्लं एक-दोन दिवसांत जातात. जंत आहेत म्हणून तो नाही, असं नसतं. घरात आधीची मांजर असेल तर पिल्लं वेगळ्या खोलीत ठेवा आणि तिचं लसीकरण झालंय का ते बघा. त्या खोलीत फिनाईलने पुसू नका, ते मांजरांना विषारी आहे. पाण्यात थोडं ब्लीच घालून पुसा आणि फरशी वाळल्यावरच पिल्लं सोडा.

लहान मुलं आहेत म्हणालात. गोलकृमीची अंडी बाहेर पडल्यावर बाधायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे लिटर (पिल्लांच्या शी-शूच्या ट्रेमधली वाळू) रोज काढलंत आणि हात साबणाने धुतलेत तर पुरेसं आहे.

सकाळची ताजी शी दोघांची वेगवेगळ्या डबीत घ्या, झाकण लावा आणि त्याच दिवशी द्या. डबीवर कोणाची ते लिहा. दवाखान्यात दोन्ही सारख्याच दिसतात.