गवत कापायला कोर्स कशाला? बारावीनंतर टर्फ आणि उद्यानकामाचं प्रशिक्षण घेऊन करिअर होतं का?

तू विचारलंयस की बारावी आर्ट्सनंतर मैदानांची हिरवळ (म्हणजेच टर्फ), गोल्फ कोर्स, बागा या कामात शिरायचं तर कोणता कोर्स करावा. आणि शेवटी कंसात लिहिलंयस, "घरचे म्हणतात, गवत कापायला कोर्स कशाला?" कोर्सची नावं तुला इथे दहा जण सांगतील. मी लिहायला बसलो तो त्या कंसामुळे. हेच वाक्य, याच शब्दांत, माझ्या वडिलांनी मला १९९८ साली ऐकवलं होतं. वयाने लहान दिसतोस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

आप्पा स्वतः माळी. पिंपरीकडच्या एका कंपनीच्या कॉलनीत ३१ वर्षं बाग सांभाळली. सातवी शिकलेले, पण गवताची नाडी त्यांना कळायची. सकाळी चप्पल काढून लॉनवर एक फेरी मारायचे आणि मागे वळून बघायचे. पाऊल उचलल्यावर पाती लगेच उभी राहिली नाहीत, ठसा तसाच दिसत राहिला, की म्हणायचे, "तहानलंय." पुढे कोर्समध्ये सरांनी पाण्याचा ताण ओळखायची हीच खूण फळ्यावर लिहून दिली तेव्हा मला हसू आलं होतं. तेव्हा अडाणी माळ्याला काही कळत नाही असं मी म्हणणार नाही, आणि कोणी म्हटलेलं ऐकूनही घेणार नाही.

पण १९९३च्या जूनमध्ये, मी आठवीत असताना, आप्पांना कॉलनीतल्या बागेतून रिक्षात घालून आणलं. गुलाबाच्या वाफ्यांत थिमेट टाकत होते. किडीवरचं दाणेदार औषध, तेही उघड्या हाताने, मीठ भुरभुरावं तसं. मध्ये बसून त्याच हाताने तंबाखू मळली. घरी आणलं तेव्हा अंगातून घामाच्या धारा, तोंडातून लाळ गळतेय, उलट्या. आई कांदा फोडून नाकाला लावत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी पापणी वर केली, तेव्हा मी बाजूलाच होतो. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली. चार दिवस इंजेक्शनं चालली. घरी आल्यावर आप्पांनी सगळ्यांना एकच सांगितलं, "ऊन लागलं." त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता.

पाच वर्षांनी मी कृषी विद्यापीठाच्या एक वर्षाच्या माळी कोर्सला गेलो. आप्पा महिनाभर धुसफुसत होते. त्यांना वाटायचं, मी घरात असताना हा पोरगा माळीकाम शिकायला दुसऱ्याच्या दारात जातो. आता मी बाप झालो आहे, ते दुखणं मला कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

पीक संरक्षणाच्या तासाला सरांनी औषधांचे रिकामे डबे आणले होते. प्रत्येकावर चौकोन असतो आणि त्यात रंगीत त्रिकोण, तो कसा वाचायचा हे शिकवत होते. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पहिलाच डबा थिमेटचा, त्यावर लाल. मग विषबाधेची लक्षणं त्यांनी एकेक करून सांगितली. घाम, लाळ, उलटी, बाहुली बारीक होणं. उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन. मी शेवटच्या बाकावर होतो. पेन खाली ठेवलं ते त्या तासाला परत उचललं नाही. वर्षभरात कलमं बांधायला शिकलो, रोपवाटिका शिकलो, लॉनची आखणी शिकलो, पण फी वसूल झाली ती त्या एका तासात.

आता २००६. मी पुण्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या क्रिकेट मैदानावर सुपरवायझर होतो. सप्टेंबरात आऊटफिल्डवर पिवळे गोल चट्टे दिसायला लागले. आधी ताटाएवढे, मग घोंगडीएवढे. डिसेंबरात स्पर्धा होती. मी वही उघडली, गोल चट्टे म्हणजे बुरशी असं ठरवलं आणि दहा दिवसांत कार्बेन्डाझिमच्या दोन फवारण्या घेतल्या. चट्टे वाढतच गेले.

त्या आठवड्यात आप्पा डबा द्यायला आले होते. निवृत्त झाले होते, पण मैदान दिसलं की पाय आत वळायचेच. दोरीजवळ उभे राहून त्यांनी विचारलं, "कावळं कशापायी बसल्यात रं तिथं?" मी बघितलं. कावळे, साळुंक्या, दोन बगळे, सगळे चट्ट्यांवरच चोची मारत होते. पंधरा दिवस मी ते रोज बघत होतो आणि मला ते दिसत नव्हतं. आप्पा आत गेले, उकिडवे बसले, दोन्ही मुठींत गवत धरलं आणि उचललं. गोधडी उचलावी तसं ते अख्खं वर आलं. मुळं नव्हतीच. खाली पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, वाटोळ्या पडलेल्या अळ्या. हुमणी, म्हणजे गवताची मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी. एका चौरस फुटात मी १४ मोजल्या.

तिथवर आप्पा बरोबर आणि माझा कोर्स चूक. हे मी कोणासमोरही कबूल करतो. वहीत हुमणीवर चांगली दोन पानं होती, पण चट्टा दिसला की आधी हाताने गवत ओढून बघायचं हे माझ्या हाताला कोणी लावलं नव्हतं.

मग आप्पा म्हणाले, "थिमेट आण, उद्यापर्यंत फेकून देतो." रोज दुपारी साडेतीननंतर त्या मैदानावर शाळेची पोरं उघड्या पायांनी खेळायची. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, आयुष्यभर टाकलंय, काय झालं मला? मुकादम होता, कामावरच्या सहा बाया होत्या. मी त्या सगळ्यांसमोर बोलून गेलो, "आप्पा, तुम्हाला ऊन लागलं नव्हतं."

त्यांनी डबा उचलला आणि गेले. दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

हुमणीचं काय केलं ते सांगतो, कारण कोर्स कशाला याचं खरं उत्तर तिथे आहे. जूनच्या पहिल्या वळवात भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात, रात्री कडुनिंब-बाभळीचा पाला खातात आणि पहाटे मातीत जाऊन अंडी घालतात. अळी जुलैत कोवळी असते, सप्टेंबरात माजलेली असते आणि तेव्हा तिच्यावर औषध नीट चालत नाही. हे चक्र मला कोर्सने दिलं होतं. त्यामुळे सप्टेंबरात विष ओतून फारसा उपयोग नाही हे मला माहीत होतं. आम्ही चट्टे उलटे केले, बायांनी अळ्या वेचून रॉकेल टाकलेल्या पाण्याच्या बादल्यांत टाकल्या. मातीत मेटारायझियम ही अळ्यांना मारणारी बुरशी शेणखतात कालवून दिली. मग सिलेक्शन वन या लॉनच्या गवताच्या काड्या तीन-तीन इंचांवर टोचत बसलो. मैदानाच्या कडेने सहा कडुनिंब होते. पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या रात्री आठच्या सुमाराला आम्ही फांद्या हलवल्या, खाली ताडपत्री अंथरली आणि पडलेले भुंगेरे गोळा केले. सलग पाच रात्री. त्या वर्षी चट्टा आला नाही.

मात्र २००६ची स्पर्धा डिसेंबरात झाली नाही, ती जानेवारीत ढकलावी लागली, आणि मला संस्थेत बोलणी खावी लागली. थिमेटने काही अळ्या मेल्याच असत्या, नाही असं नाही. तरीही तो निर्णय मी आज पुन्हा तसाच घेईन.

मजुराच्या हाताला जे कळतं ते कोर्स देत नाही, आणि कोर्स जे देतो ते नुसत्या हाताला कधीच कळत नाही. कोणत्या महिन्यात जमिनीखाली काय चाललंय, पंपात किती मिली घालायचं, फवारल्यावर माणसांना किती वेळ आत सोडायचं नाही, हे कोणाचा हात सांगणार? तुझ्या घरच्यांना हे सांग. गवत कापायला कोर्स लागत नाही. गवत का मरतंय ते कळायला लागतो, आणि त्या कामात आपण मरू नये म्हणून तर नक्कीच लागतो.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे. महाराष्ट्रात निव्वळ टर्फचा म्हणावा असा कोर्स शोधत बसू नकोस, उद्यानकामाच्या दारातूनच आत ये. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात माळी प्रशिक्षण आहे, मराठीतून, एक वर्षाचं. आयटीआयमध्ये 'हॉर्टिकल्चर' आणि 'फ्लोरिकल्चर अँड लँडस्केपिंग' असे एकेक वर्षाचे ट्रेड आहेत, तुझ्या जवळच्या आयटीआयमध्ये चालतात का ते आधी बघ. तळेगाव दाभाड्याच्या एनआयपीएचटी संस्थेचे (पूर्वीचं हॉर्टिकल्चर ट्रेनिंग सेंटर) छोटे वर्ग पॉलीहाऊससाठी चांगले, पण तुला मैदानच हवं असेल तर ते नंतर कर. काम आधीपासून करत असशील तर कृषी कौशल्य परिषदेचं माळ्याचं प्रमाणपत्र अनुभवावर परीक्षा देऊन मिळतं. उद्यानविद्येच्या बी.एस्सी.ला सायन्स लागतं, तो रस्ता तुला नाही आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्या हाताखाली पदवीवाले दोन जण आले आणि ऊन सोसलं नाही म्हणून गेले.

क्रिकेटच्या क्युरेटरचं, म्हणजे खेळपट्टी तयार करणाऱ्याचं म्हणशील तर तिथे सरळ भरती नसते. आधी एखाद्या मैदानावर रोलर ओढावा लागतो, संघटनेच्या माणसांच्या नजरेत भरावं लागतं, मग बोर्डाच्या प्रशिक्षणाला आणि परीक्षेला पाठवतात. वानखेडेची खेळपट्टी अनेक वर्षं सुधीर नाईकांनी पाहिली, ते स्वतः कसोटी खेळलेले होते. तुझ्या-माझ्यासारख्याला वाट जरा लांबची आहे. काळी माती फुगते कशी, भेगाळते कशी, लाल मातीवर चेंडू का उसळतो, हे तिथे दोन-तीन मोसम मातीत हात घातल्याशिवाय कळत नाही.

पैसा गोल्फमध्ये बरा आहे, मी गेली चौदा वर्षं तिथेच आहे. तिथे सगळं मोजून चालतं. ग्रीन, म्हणजे चेंडू ज्या भोकात घालायचा त्याच्या भोवतीची हिरवळ, ही साधी लॉन नव्हे, खाली १० सेंटीमीटर खडी, वर ३० सेंटीमीटर वाळूचं मिश्रण आणि त्यावर साडेतीन-चार मिलिमीटरवर कापलेलं गवत. मशीनचं रील, म्हणजे फिरत्या पात्यांचा दंडगोल, बोथट असेल तर पात कापलं जात नाही, फाटतं, आणि दुपारपर्यंत सगळं ग्रीन पांढुरकं दिसतं. म्हणून रोज पहाटे साडेपाचला मशीन बाहेर काढायच्या आधी वर्तमानपत्राची पट्टी रीलमध्ये घालून हाताने फिरवायची. कात्रीने कापल्यासारखी तुटली तरच मशीन पुढे जातं. हे मला कोर्समध्ये कोणी दाखवलं नाही, दहावी नापास मेकॅनिकने दाखवलं. त्याला मी आजही उस्ताद म्हणतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, राहून गेल्या. कोर्स झाल्याझाल्या पगार फार नसतो. मला १९९९ साली १,८०० रुपये होते. महापालिकेच्या उद्यान विभागातल्या कायम नोकरीच्या आशेवर वर्षं घालवू नकोस, बरंच काम आता ठेकेदाराकडून होतं. रविवार, दिवाळी, लग्नसराई, काही आपलं नसतं, कारण लोकांची सुट्टी तोच आपला कामाचा दिवस. कंबर दुखण्याचा त्रास असेल तर रोपवाटिकेकडे जा, मैदानाकडे नको. आणि ठेकेदाराने हातमोजे, मास्क न देता फवारायला सांगितलं तर नाही म्हणायचं, नोकरी गेली तरी चालेल. ही एवढी एक गोष्ट माझ्यावर विश्वास ठेवून कर.

आप्पा २०१४ साली गेले. शेवटपर्यंत ते 'ऊन लागलं'च म्हणत होते आणि मीही पुन्हा तो विषय काढला नाही. ३१ डिसेंबर २०२० पासून सरकारने फोरेटवर, म्हणजे थिमेटमधल्या औषधावर, पूर्ण बंदी घातली. ती बातमी मी कापून माझ्या कोर्सच्या वहीत, लाल त्रिकोणाच्या पानावर चिकटवली आहे. ती आप्पांना दाखवायची होती.

प्रवेशाचे फॉर्म साधारण पावसाळ्याच्या तोंडाशी निघतात. तोवर घरी बसू नकोस. जवळच्या कुठल्याही मैदानावर जा, माळीमामांना विचारून एका कोपऱ्यात खुरप्याने वीतभर चौकोन काप, मुळं किती खोल गेली आहेत ते पट्टीने मोज आणि तारखेसकट वहीत लिही. माती परत दाबून पाणी घाल. पंधरा दिवसांनी त्याच्या शेजारी पुन्हा मोज.