पीएचडीचा अर्ज भरण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला विषय वाचला. ‘मराठवाड्यातील दुष्काळ : एक ऐतिहासिक अभ्यास’. स्पष्टच सांगते, हा विषय घेऊ नकोस. मराठवाडा म्हणजे आठ जिल्हे, आणि दुष्काळ म्हटलं की चौदाव्या शतकाच्या अखेरच्या दुर्गादेवीच्या दुष्काळापासून 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं तिथपर्यंत सगळं आलं. एवढा पसारा घेऊन बसणारं लेकरू शेवटी दहा पुस्तकांतला मजकूर अकराव्यात उतरवतं. आपल्याकडच्या ग्रंथालयांत अशा जाडजूड प्रबंधांनी कपाटं भरली आहेत. त्यात भर घालायला तू सहा वर्षं देऊ नयेस असं मला मनापासून वाटतं.

पण पत्राच्या शेवटी तू सहज लिहून गेलीस, की आजी बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर होती आणि तो तलाव अजून तुमच्या शिवारात आहे. तुझा विषय तिथे आहे. एक तालुका, 1972-73 हे एक वर्ष, आणि त्या कामांवर गेलेल्या बाया. कोणत्या घरांतल्या बाया पहिल्यांदाच मजुरीला बाहेर पडल्या? मजुरी त्यांच्या हातात पडत होती की घरच्या पुरुषाच्या? दुष्काळ सरल्यावर त्या पुन्हा घरात बसल्या की मजुरीलाच जात राहिल्या? रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला, ती कल्पना मांडणाऱ्या वि. स. पागे यांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं, आणि पुढे 2005 साली देशभराचा कायदा आला. हा इतिहास मंत्रालयाच्या बाजूने पुष्कळ लिहिला गेलाय. घमेलं डोक्यावर घेतलेल्या बाईच्या बाजूने फार थोडा.

आणि या विषयाला मुदत आहे. तेव्हा वीस वर्षांची असलेली बाई आज सत्तरी ओलांडून बसली आहे. तुझं रजिस्ट्रेशन, तुझी परीक्षा, समितीची बैठक यांच्यासाठी ती थांबणार नाही. म्हणून मुलाखती अर्जाच्या आधीच सुरू कर. त्याला कुणाची परवानगी लागत नाही, फक्त तिची लागते. मोबाइलवर रेकॉर्ड करण्याआधी तिला विचार, आणि तिचं ‘हो’ सुद्धा रेकॉर्ड कर.

आजीला पहिलाच प्रश्न ‘मजुरी किती मिळायची?’ असा टाकू नकोस. ती तुला बरा वाटेल तो आकडा सांगून मोकळी होईल. भाकरी कशाची खायचात, ते विचार. लाल मिलोचं, म्हणजे तेव्हा रेशनवर आलेल्या परदेशी ज्वारीचं, नाव निघेल, मग रेशनच्या रांगेचं, कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीचं. त्याच ओघात तान्हं लेकरू बाभळीला झोळी बांधून कुणाच्या भरवशावर ठेवलं होतं ते येईल, मस्टरवर, म्हणजे हजेरीपत्रकावर, अंगठा कोण घ्यायचं ते येईल, खोदकामाचं माप घेताना मुकादम काय करायचा तेही येईल. साल-तारीख ती सांगणार नाही. ती म्हणेल, ‘थोरला पोटात होता तवा’ किंवा ‘पोळ्याच्या आदी’. थोरल्याचं वय विचार, गावातल्या दुसऱ्या बाईच्या आठवणीशी ताडून बघ, साल सापडतं. आणि तिचं बोलणं उतरवताना ‘तवा’चं ‘तेव्हा’ करू नकोस. तिचे शब्द हा तुझा पुरावा आहे, आणि पुरावा दुरुस्त करायचा नसतो.

मात्र नुसत्या आठवणींवर प्रबंध उभा राहत नाही. तेव्हा औरंगाबादेतून निघणाऱ्या दैनिक ‘मराठवाडा’चे त्या वर्षांचे अंक शोध. विधिमंडळातल्या चर्चांचे छापील खंड असतात, 1971 च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका असते, जिल्ह्याचं गॅझेटियर असतं. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जा. सरकारी कागदांची वर्गवारी असते, काही कायम जपायचे, काही ठरावीक वर्षांनी नष्ट करायचे. त्यामुळे तुला हवी ती मस्टर तिथे नसण्याची शक्यता धरून चल. नसली तर तसं प्रबंधात लिही. कोणता कागद जपला गेला आणि कोणता गेला, हाही इतिहासच आहे. एका बाबतीत तुझं बरं आहे. 1948 च्या आधीचा विषय घेतला असतास तर निजामाच्या काळातली कागदपत्रं वाचायला उर्दू शिकावी लागली असती आणि हैदराबादच्या वाऱ्या कराव्या लागल्या असत्या.

हे सगळं करायच्या आधी चार दिवस ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर घालव. देशभरातले प्रबंध तिथे मोफत वाचायला मिळतात. तुझ्या विषयाच्या जवळचे जे सापडतील त्यांचं शेवटचं प्रकरण आणि संदर्भसूची वाच. कुणी काय केलंय आणि कुठे हात घातलेला नाही, ते तुला एका पानात सांगता आलं पाहिजे. तेच पान पुढे तुझ्या सिनॉप्सिसची, म्हणजे संशोधन आराखड्याची, सुरुवात होईल.

आता प्रवेशाचं. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे आहेत. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. जिल्ह्यावरून विद्यापीठ ठरवलंच पाहिजे असं नाही, गाईड कुठे आहे त्यावरून ठरव. युजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पीएचडीबाबतचे नियम नोव्हेंबर 2022 चे आहेत. एम.ए.ला 55 टक्के लागतात, राखीव प्रवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांगांना 5 टक्क्यांची सवलत आहे. विद्यापीठाची पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, असेल तर निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर येतात. आपली पोरं विषयाचा अभ्यास करून जातात आणि संशोधन पद्धतीत मार खातात. तू उलट कर, आधी तेच पक्कं कर. निवडीत लेखी परीक्षेला 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन असतं. नेट ही देशपातळीवरची पात्रता परीक्षाही देऊन ठेव. जून 2024 पासून जेआरएफ (संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती) किंवा सहायक प्राध्यापक पदाच्या पात्रतेत बसली नाहीस तरी फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र ठरता येतं, पण ते गुण एक वर्षच चालतात. विद्यापीठाची अधिसूचना स्वतः वाच, ओळ न् ओळ. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या माहितीवर अर्ज भरू नकोस.

गाईडच्या बाबतीत मात्र घाई अजिबात नको. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. त्यामुळे ‘जागा कुठे रिकामी आहे’ एवढाच विचार करून पोरं जातात आणि गाईड सांगतील तो विषय घेतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, हे आधीच बघ. मग त्यांच्या हाताखालच्या मुला-मुलींना एकेकटं गाठ, विभागात नाही, बाहेर चहाला. प्रकरण दिल्यावर किती दिवसांनी परत मिळतं? परत येतं तेव्हा त्यावर काही लिहिलेलं असतं का? शेवटचा विद्यार्थी कधी पूर्ण झाला? एखादी मुलगी उत्तर देताना अडखळली, तर ते अडखळणं नीट ऐक.

माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलींनी आधीच्या गाईडच्या घरचे सामान आणलंय, त्यांच्या लेकरांच्या शिकवण्या घेतल्यात, सह्यांसाठी पाकिटं दिलीत. या गोष्टी ‘चालतातच’ म्हणून सोसू नकोस. गाईडची सही हा उपकार नाही, ते त्यांचं काम आहे. गाईड बदलण्याची तरतूद आहे. आणि कुणी अंगचटीला आलं, घाण बोललं, अवेळी बोलावलं, तर विद्यापीठात अंतर्गत तक्रार समिती असते, 2013 च्या कायद्याने ती असावीच लागते. तारखा लिहून ठेव, मेसेज पुसू नकोस, आणि आधी मला फोन कर. रात्रीचे किती वाजलेत ते बघू नकोस.

घरी अण्णांशी पैशांचं आणि वर्षांचं आताच बोल. जेआरएफ मिळाली तर जानेवारी 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये आहेत. ती नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत, ज्याच्या त्याच्या प्रवर्गाप्रमाणे. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, शिक्षणात खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र हे सगळं आधीच काढून ठेव, जाहिरात आल्यावर तहसीलच्या चकरा मारत बसू नकोस. आणि ही रक्कम पगारासारखी एक तारखेला येईल असं धरून खोली भाड्याने घेऊ नकोस. ती रखडते, आणि रखडते तेव्हा एकदम कितीतरी महिने रखडते.

वर्षांचा हिशेब असा. कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा, आणि फेरनोंदणी करून आणखी दोन. महिलांना त्यावर आणखी दोन वर्षं मिळतात, म्हणजे एकूण दहाच्या आत. बाळंतपणासाठी आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांची रजा आहे. तुझ्या घरी स्थळं बघायला सुरुवात झाली आहे, हे तू लिहिलं नाहीस तरी मला कळतंय. लग्न कधी करायचं ते तुझं तू ठरव. पण बोलणी होतील तेव्हा ‘पीएचडी चालू आहे, ती पूर्ण करायची आहे, त्यासाठी गावोगाव फिरावं लागतं’ हे वाक्य बैठकीतच बोललं गेलं पाहिजे, आणि ते तुझ्या तोंडून. नंतर सांगू, समजावून घेऊ, या भरवशावर सोडलेले प्रबंध मी फार पाहिलेत.

पहिलं वर्ष कोर्सवर्कमध्ये जातं. किमान 12 क्रेडिट आणि 55 टक्के, त्यात संशोधन नीतीचा पेपर असतो. नियमित गेलीस तर काही अवघड नाही. खरी अडचण त्यानंतर येते. सिनॉप्सिस मंजूर झालेलं असतं, वर्ग संपलेले असतात, आणि ‘काय झालं काम?’ असं रोज विचारणारं कुणी नसतं. याच मधल्या काळात चांगली हुशार पोरं सुटतात. कुणी कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास घेतं, कुणी स्पर्धा परीक्षेकडे वळतं, आणि नोंदणी नुसती कागदावर राहते. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. बरेच जण आदल्या रात्री जुन्या अहवालाच्या तारखा बदलून नेतात. तू त्या बैठकीला दर वेळी लिहिलेली नवी पानं घेऊन जा, कच्ची असली तरी चालतील. माहिती पूर्ण गोळा झाल्यावर लिहायला बसू असं म्हणू नकोस. पाच मुलाखती झाल्या की त्या पाचांवर लिही. लिहिताना कळतं की सहाव्या बाईला काय विचारायचं राहिलंय.

टायपिंग स्वतः कर, पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये. जुन्या फाँटमध्ये डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेली प्रकरणं शेवटी बदलताना सगळी जोडाक्षरं फुटतात आणि महिना त्यातच जातो. विद्यापीठाच्या बाहेर ‘टायपिंग, बाइंडिंग’च्या पाट्यांआड प्रबंध लिहूनही मिळतो, हे तुला कुणीतरी सांगेलच. त्या माणसाशी ओळखसुद्धा नको. युजीसीच्या वाङ्मयचौर्याबाबतच्या 2018 च्या नियमांप्रमाणे दुसऱ्यांच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. पण सॉफ्टवेअर मराठी मजकूर पकडो न पकडो, ज्या बायांनी तुझ्यापुढे बसून आपलं दुःख सांगितलं त्यांच्या नावाने दुसऱ्याची वाक्यं छापायची नाहीत. ‘पैसे भरा, आठ दिवसांत शोधनिबंध छापू’ असे मेसेज येतील, त्यांनाही उत्तर देऊ नकोस. 2022 च्या नियमांत प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्ती राहिलेली नाही. विद्यापीठाची स्वतःची काही अट असेल तर तेवढी बघ. एकच निबंध लिही, पण चांगल्या नियतकालिकाला दे आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या कर.

प्रबंध सादर झाल्यावर तो गाईडशिवाय किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, आणि सहा महिन्यांत सगळं पूर्ण व्हावं असा नियम आहे. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, खुला असतो. त्या दिवशी आजीला घेऊन ये. परीक्षक विचारतील त्यांतल्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तिच्याकडे आहेत.

आता कामाचं. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाशील तेव्हा आजीची पहिली मुलाखत घे आणि जशीच्या तशी उतरवून मला पाठव. सोबत तिच्याबरोबर कामावर गेलेल्या, आज हयात असलेल्या बायांची यादी कर. नाव, गाव, अंदाजे वय, आणि कुणाला ऐकू कमी येतंय तेही लिही, म्हणजे आधी कुणाकडे जायचं ते ठरवता येईल. तलावाचा एक फोटो काढ, भराव आणि सांडवा दोन्ही दिसतील असा. नव्या विषयाचं एक पान लिहून आण, आपण दोघी बसून त्याला शीर्षक देऊ.

आईला आणि अण्णांना नमस्कार सांग.

तुझ्या मॅडम