दोन महिन्यांच्या पिल्लाला फ्लॅटमध्ये शी-शूची सवय लावायला पेपर बरा, की सरळ बाहेर न्यावं?

तुम्ही पेपर की बाहेर एवढंच विचारलंय. मी मात्र लिहायला बसले ती तुमच्या शेवटच्या ओळीमुळे: "सासरे म्हणतात, दोनदा नाक घासलं आणि पेपरची गुंडाळी दाखवली की आपोआप कळतं." कळतं, पण भलतंच कळतं.

आमच्याकडे मोहरी जुलै 2022 मध्ये आली. गावठी, काळी कुळकुळीत, सात आठवड्यांची. डोंबिवलीत चौथा मजला, लिफ्ट मनात आलं तर चालते. लसी पूर्ण झाल्या नव्हत्या, त्यामुळे खाली सोडायचा प्रश्नच नव्हता. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि बिल्डिंगच्या आवारात कुठली कुत्री येऊन गेली याचा हिशोब कोण ठेवतं? म्हणून मीही आधी पेपरच टाकले. मी हॉलमध्ये सतरंजीवर आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. पहिल्याच आठवड्यात मोहरीने बीजगणिताच्या नऊ उत्तरपत्रिकांवर शू केली. तिचं काय चुकलं? जमिनीवरचा कागद म्हणजे मोरी, हे मीच शिकवलं होतं. पिल्लं जागेइतकंच पायाखाली काय लागतं तेही लक्षात ठेवतात. मग नर्सरीतून लॉनचा तुकडा आणला, पसरट ट्रेमध्ये घालून बाल्कनीत ठेवला. दर दोन आठवड्यांनी बदलावा लागायचा, नाहीतर शेजारच्या काकू खिडकी आपटून बंद करायच्या. पण दहातल्या सहा-सात वेळा स्वारी ट्रेमध्येच जायला लागली. मी खूश होते.

ऑगस्टच्या सुरुवातीला माझा मोठा भाऊ गुडघा दाखवायला आला. दादा वाईजवळ गावीच असतो. ट्रे बघून पोट धरून हसला. "आपल्या घरी सात कुत्री झाली, कोणी गवत घेऊन मागे फिरलं होतं का?" नव्हतंच फिरलं. कारण ती सातही कुत्री अंगणात जन्मली, अंगणात मेली. एकाही कुत्र्याला आजीने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. ज्या माणसाने कुत्रं कधी घरात घेतलंच नाही, तो मला घरात शू न करायची शिस्त शिकवणार होता. पण मोठा भाऊ. आणि चार ते सात माझ्या शिकवण्या, तेवढा वेळ मोहरी आतल्या खोलीत त्याच्याच ताब्यात. मी गप्प बसले, ही चूक माझी.

आठ दिवस हेच चाललं. तिने कुठे केलं की मानेला धरून नाक टेकवायचं आणि गुंडाळीचा एक फटका. लागेल असा नाही, आवाज होईल असा. शेवटचे चार दिवस घर कोरडं ठणठणीत. जाताना दादा म्हणाला, "बघ, सुतासारखी सरळ केली." आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. फक्त ट्रेसुद्धा कोरडा होता, हे मी पाहिलं आणि डोक्यात शिरू दिलं नाही.

ते शिरलं गणपतीच्या साफसफाईत. मखरासाठी दिवाण पुढे ओढला आणि त्याच्यामागे, भिंतीलगत, वाळलेल्या लेंड्यांची रांग होती. शिवाय असा वास की यांनी बाल्कनीचं दार उघडून तोंड बाहेर काढलं. ड्रेसिंग टेबलाच्या मागे तेच. दोन दिवसांवर गणपती, त्यात सासूबाई सोवळ्याच्या. फरशी पाच वेळा धुतली.

लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "तिला तुमच्यासमोर शू करायची चोरी झाली आहे." मला इतकी नेमकी गोष्ट कोणी सांगितली नव्हती. घरात करायचं नाही, हे मोहरी शिकलीच नव्हती. ती शिकली, माणसांच्या देखत करायचं नाही. पिल्लाला बक्षीस किंवा शिक्षा कृतीच्या एक-दोन सेकंदांत मिळाली तरच तो संबंध लागतो. पाच मिनिटांनी नाक घासलंत तर त्याच्या लेखी माणूस अधिक डबकं म्हणजे संकट, एवढंच गणित उरतं.

याचे हाल लसी झाल्यावर खरे कळले. भर पावसात एका हातात छत्री, एका हातात पट्टा, पाऊण पाऊण तास मी पार्किंगमध्ये फिरायची. ही बया माझ्याकडे बघायची आणि घट्ट धरून ठेवायची. वर आलो, मी पाय पुसायला फडकं घेतलं, की दिवाणाखाली. शेवटी पट्ट्याला दहा-बारा फुटांची दोरी बांधली, तिला लांब जाऊ द्यायचं आणि आपण पाठ करून मीटरच्या पेटीकडे बघत उभं राहायचं. वॉचमनला वाटलं असेल, मॅडमचं काहीतरी बिनसलंय. अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री मागे झऱ्यासारखा आवाज आला. मी अक्षरशः ओरडणार होते, पण हळूच वळून पनीरचा तुकडा पुढे केला. तिथून दसऱ्यापर्यंत दोरी हातभर झाली. तान्ह्या बाळाला बसवून आपण "शूऽऽ" करतो ना, तोच आवाज मी लावला. आता त्या आवाजावर ती पावसातही दोन मिनिटांत मोकळी होते.

तर तुमचा प्रश्न. लसी होईपर्यंत बाल्कनीत गवताचा ट्रे, डॉक्टर हो म्हणाले की खाली. पेपर मला पसंत नाही, वर सांगितलंच. विकतचे पॅड त्याहून नाही; आमच्याकडे दोन आणले, दोन्हींचा कापूस पंख्यापर्यंत उडाला. कुठलीही पद्धत घ्या, वेळ तुम्हालाच सांभाळायची आहे: उठल्याबरोबर, खेळून झाल्यावर, खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांच्या आत. पिल्लू किती वेळ धरू शकतं? वयाचे महिने अधिक एक, तेवढे तास, तेही फार तर. म्हणजे दोन महिन्यांचं तीन तास. रात्री तीनचा गजर लावा, थोड्याच आठवड्यांत सुटका होते. खाणं ठरलेल्या वेळी, वाडगा दिवसभर भरलेला नको. लक्ष ठेवता येणार नसेल तेव्हा घरभर मोकळं सोडू नका, एका खोलीत अडवा. क्रेट, म्हणजे कुत्र्याचा पिंजरा, चालतो, पण ऑफिसला जाताना सकाळी कोंबून संध्याकाळी काढणार असाल तर कुत्रं पाळू नका.

आणि फिनाईल बंद करा. आपल्याला वास गेला असं वाटतं, त्याच्या नाकाला खालचा वास येतच असतो, शिवाय ओली फरशी चाटली तर विषारी. आधी टिपून घ्या, पाण्याने पुसा, मग एन्झाइमवालं, म्हणजे वासाचं मूळच मोडणारं, क्लीनर. ते नसेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. पूर्ण नाही, पण बरंच काम भागतं. मार्बलवर मात्र व्हिनेगर नको, डाग पडतात.

डोळ्यांदेखत घरात केलंच तर नुसतं "ए!" म्हणून उचला आणि जागेवर न्या. नंतर दिसलं तर गप्प पुसा. चिडायचं असेल तर स्वतःवर चिडा, वेळ तुमची चुकली.

हे सगळं मी एका कुत्रीच्या जोरावर सांगते आहे, तेही खरं. नर असेल तर सहा महिन्यांनंतर पाय वर करून खुणा करायचं वेगळंच प्रकरण सुरू होऊ शकतं, ते मला भोगावं लागलं नाही. पाहुणे आले की किंवा कोणी वाकून हात पुढे केला की थेंब सांडतो, तो सवयीचा दोष नाही. बरीचशी पिल्लं मोठी होताना त्यातून बाहेर पडतात. जमलेली सवय अचानक मोडली, दर अर्ध्या तासाने थेंब-थेंब व्हायला लागलं, तर शिस्त वगैरे विसरा आणि डॉक्टर गाठा, मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. लिफ्टवरून सोसायटीत कुरबुर होईलच. कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येत नाही, असं भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांत आहे. खाली केलेली शी मात्र पिशवीत उचला, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

सासऱ्यांचं काय करायचं, ते मला विचारू नका. त्या दिवाळीत दादा भाऊबीजेला आला. मोहरी दाराशी जाऊन बसली, मी पट्टा घेतला, आम्ही पाच मिनिटांत जाऊन आलो. दादा वहिनीला म्हणाला, "पाहिलंस? माझे आठ दिवस." मी दिवाणामागचं सगळं सांगितलं, उत्तरपत्रिकांपासून पनीरपर्यंत. त्याने ऐकून घेतलं. मग डास मारायला म्हणून समोरचा पेपर गुंडाळला, आणि मोहरी दिवाणाखाली गेली ती त्याची रिक्षा येईपर्यंत बाहेर आली नाही. "अजून वचक आहे," दादा म्हणाला.