घोडी आडमुठी झालेली नाही, तिचे काहीतरी दुखत आहे

आपली नऊ वर्षांची क्वार्टर हॉर्स जातीची घोडी बॅरल रेसमध्ये (तीन पिंपांना वळसा घालून कमीत कमी वेळात धावण्याच्या शर्यतीत) तीन आठवड्यांपासून पहिल्या बॅरलला वळण न घेता पुढे निघून जाते, मैदानात शिरण्याच्या अरुंद ॲलीत मागच्या पायांवर उभी राहते, आणि प्रशिक्षकांनी ती नखरे करत असल्याचे सांगून अधिक कडक बिट (लगामाचा तोंडात बसणारा भाग) लावायला सुचवले आहे, असे आपण लिहिले आहे. चार वर्षांपूर्वी टेक्ससमध्ये आमच्या मुलीच्या घोडीबाबत आम्हीही नेमके हेच ऐकले आणि दुर्दैवाने ऐकून तसे वागलो, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी पशुवैद्य नाही. आपली घोडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे पुढचे सारे एका पालकाचा अनुभव म्हणूनच वाचावे.

आमची घोडी पहिल्या बॅरलला उजवीकडे आणि पुढच्या दोन्हींना डावीकडे वळत असे. उजवे वळण शेवटपर्यंत चांगले राहिले; डावी वळणे मात्र महिन्याभरात इतकी रुंद झाली की १७.४ सेकंदांची धाव १८.६ वर गेली. तिसरे बॅरल दोनदा पडले आणि प्रत्येक वेळी ५ सेकंदांचा दंड बसला. कडक बिटने ती फक्त तोंड उघडून मान वर करू लागली. वळण तसूभरही सुधारले नाही.

मग आम्ही तिला एका दवाखान्यात नेले, आणि आमची सर्वांत महाग चूक तिथे झाली. तिथल्या डॉक्टरांनी मागचे पाय मिनिटभर दुमडून धरले, तिला दुडक्या चालीने पळवले, थोडे आखडलेले पाहिले आणि ‘बॅरलच्या घोड्यांचे हॉकच (मागच्या पायाचे घोटेच) जातात’ असे सांगून दोन्ही हॉकच्या खालच्या सांध्यांत स्टेरॉइड आणि हायलुरॉनिक आम्लाची इंजेक्शने दिली. एक्स-रे काढला नाही, नस बधिर करून खात्री केली नाही, पुढचे खूर चिमट्याने दाबून कुठे दुखते ते पाहिले नाही. काही दिवस विश्रांती मिळाल्याने ती बरी वाटली आणि पाचव्या आठवड्यात पुन्हा तेच सुरू झाले. आम्ही परत गेलो तेव्हा मी पुढच्या पायांबद्दल विचारले, तर हातात खूर न घेताच ‘पुढे काही नाही’ असे उत्तर मिळाले आणि तीच इंजेक्शने पुन्हा देण्यात आली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होता. त्यात चार महिने गेले. त्या चार महिन्यांत दुखऱ्या पायाने ती धावत राहिली आणि मी तिथे अडून बसले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. पैशांचे दुःख त्यामानाने काहीच नाही.

खरी गोष्ट आमच्या नालबंदाने दाखवली. पुढच्या डाव्या पायाची काढलेली नाल त्याने माझ्या हातात ठेवली: चवड्याकडची कड घासून पातळ झाली होती आणि टाचेकडचा भाग जवळजवळ नवा होता. ती टाच टेकायला टाळत होती. ठाणात उभी असताना ती डावा पाय हातभर पुढे काढून ठेवायची, हे आम्ही रोज पाहत होतो आणि सवय समजत होतो. पुढे एका विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात डाव्या टाचेकडच्या नसा बधिर केल्या. दहा मिनिटांनी तिला डांबरी वाटेवर पळवले तेव्हा डावा पाय स्वच्छ पडला आणि ती उजव्या पुढच्या पायावर लंगडू लागली. दोन्ही टाचा दुखत होत्या. डावी अधिक दुखत असल्याने उजवी झाकली गेली होती. दुखणे खुरातल्या नेव्हिक्युलर हाडापाशी होते.

वळताना आतल्या बाजूच्या पुढच्या पायावर मोठा भार येतो, आणि पहिल्या दोन बॅरलमधील ९० फूट किंवा तिसऱ्याकडची १०५ फूट वाट चौखूर कापून आलेल्या घोडीला तो भार वेग मोडतानाच सोसावा लागतो. जिला तो सोसवत नाही ती रुंद जाते, खांदा टाकते किंवा सरळ पुढे निघून जाते. पुढचा भार टाळताना ती पाठ आणि मागचे पाय आवळून धरते, त्यामुळे मागे आखडलेपण खरोखरच असू शकते. मूळ मात्र तिथे असेलच असे नाही.

म्हणून आपल्या घोडीच्याही टाचाच दुखतात, असे मी मुळीच म्हणत नाही. हॉक, स्टायफल (मागच्या पायाचा गुडघा), सस्पेन्सरी लिगामेंट (पायाच्या मागच्या बाजूचा आधार देणारा अस्थिबंध), त्रिकास्थीचा सांधा, खोगीर, दात, जठरातील व्रण, यांपैकी काहीही असू शकते. ॲलीत उभे राहणे हे तर व्रणामुळेही घडते आणि ते दुर्बिणीतूनच कळतात. माझा आग्रह इतकाच आहे की नस बधिर करून दुखण्याची जागा ठरल्याशिवाय एकाही सांध्यात सुई जाऊ देऊ नका. डॉक्टरांनी गरज नाही म्हटले तर कारण विचारा, आणि कारण पटले नाही तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. तपासणीच्या आधी स्वतःहून ब्यूट (फिनाइलब्यूटाझोन हे वेदनाशामक) देऊ नका, कारण दुखणे दबले की लंगडणेही दबते.

नेण्यापूर्वी कठीण, सपाट जमिनीवर दोर सैल सोडून तिला दुडक्या चालीने सरळ आणि दोन्ही बाजूंच्या गोलात पळवा आणि फोनवर संथ गतीने चित्रीकरण करा. पुढचा दुखरा पाय टेकताना डोके वर उचलले जाते. घोड्यांच्या लंगडेपणाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्य स्यू डायसन यांनी २०१८ मध्ये मांडलेली, स्वाराखालच्या घोड्याच्या २४ वर्तनलक्षणांची यादीही पाहावी. त्यांपैकी ८ किंवा अधिक दिसल्यास अस्थिस्नायूंच्या वेदनेची शक्यता धरतात. ती बॅरलच्या धावेसाठी बनवलेली नाही, पण घरच्या साध्या सरावात उपयोगी पडते.

आमच्या घोडीच्या खुराचा चवडा तासून मागे घेतला, टाचेला आधार दिला, नालबंदी दर पाच आठवड्यांनी ठरवली आणि चार महिने तिला एकही बॅरल दाखवले नाही. पुढच्या वसंतात ती जुन्या सौम्य बिटवर १७.६ मध्ये धावली. आपण शनिवारची धाव रद्द करा, कडक बिट परत द्या, आणि नालबंद पुढच्या वेळी आला की चारही जुन्या नाला फेकण्यापूर्वी उलट्या करून पाहा.