तुसाची राख कोब्यात घालावी का?

प्रश्न (सत्तरी): आमच्या गावच्या उकड्या तांदळाच्या गिरणीवर तुसाच्या राखेचा ढीग पडून असतो. गोठ्याला कोबा घालायचा आहे. सिमेंटमध्ये ही राख मिसळली तर सिमेंट वाचेल का?

उत्तर: वाचेल, पण ढिगातली कुठलीही राख उचलून चालत नाही. भात भरडल्यावर वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस निघते आणि ते जाळले की त्याच्याही पाचव्या हिश्शाएवढी राख उरते. नीट जळलेल्या राखेत 85 ते 95 टक्के सिलिका असते. सिमेंट भिजल्यावर सुटणाऱ्या चुन्याशी तिचा संयोग होतो आणि काँक्रीटमधली बारीक छिद्रे बुजतात. खाजनाकडेच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीकडच्या) खाऱ्या हवेत सळ्या लवकर गंजतात, तिथे हा गुण मोलाचा. म्हणूनच आयएस 456:2000 या काँक्रीटच्या भारतीय मानकातही सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने तुसाची राख वापरायला मुभा आहे.

खरी मेख भट्टीत आहे. तूस 500 ते 700 अंश सेल्सिअसच्या दरम्यान जळायला हवे. त्याहून फार तापले तर सिलिकाचे स्फटिक होतात आणि ती चुन्याला दाद देत नाही. हवा कमी पडली तर कोळसा उरतो, तो मालातले पाणी पितो. तुमच्या गिरणीतली राख मुठीत घेऊन बघा. काळी, खरखरीत आणि तुसाची साल ओळखू येतेय? मग ती काँक्रीटची नव्हे. राखाडी-पांढरट आणि सिमेंटइतकी बारीक दळलेली हवी. दळताना नाकातोंडाला फडके बांधाच.

गोण पीपीसीची (पोर्टलँड पोझोलाना सिमेंटची) असेल तर राख घालूच नका, त्यात फ्लाय अॅश, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रातली कोळशाची राख, आधीच असते. दुकानात बहुधा हीच गोण हातात देतात, तेव्हा छापलेले वाचून घ्या. ओपीसी, म्हणजे साधे पोर्टलँड सिमेंट, असेल तर 45 किलो सिमेंटला 5 किलो राख पुरे, आणि पाणी निदान 10 दिवस मारा. घराचा स्लॅब, खांब, तुळया यांत मात्र इंजिनिअरला विचारल्याशिवाय चिमूटभरही नको.

आणि ती काळी राख फुकट घालवू नका. भाताच्या रोपवाटिकेत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळा, सिलिका आणि पालाश रोपांना मिळते. मला विचाराल तर गिरणीच्या राखेचा पहिला मान वाफ्याचाच.

प्रश्न (काणकोण): खडीऐवजी नारळाच्या करवंट्या चालतील?

उत्तर: वजन न पेलणाऱ्या कामाला, म्हणजे बागेतली पायवाट किंवा हलके ठोकळे यांना चालतील. करवंटी पाणी फार शोषते, म्हणून तुकडे करून आदल्या दिवशी भिजत घाला आणि वरचे पाणी निथळल्यावरच मालात टाका. खाऱ्या पाण्यात कुजवलेला काथ्या मात्र सळईच्या कामात अजिबात वापरू नका, त्यातल्या मिठाने सळई गंजते.