तुळशीवरची बारीक माशी कोणती?

तुळशीच्या मंजिऱ्यांवर येणाऱ्या बारीक माश्यांबद्दल मागच्या अंकात थोडं लिहिलं होतं. त्यावर धुळे, जळगाव आणि नंदुरबारकडून पत्रं आली, बहुतेकांसोबत मोबाइलवर काढलेले फोटोही. त्यातल्या चार पत्रांना इथे उत्तरं देते.

प्रश्न : ताई, आमच्या जुन्या घराच्या मातीच्या भिंतीतून बोटाएवढी, डिंकासारखी काळपट नळी बाहेर आली आहे. तिच्यातून मुंगीएवढ्या काळ्या माश्या ये-जा करतात. सासूबाई म्हणतात, ‘माशी नही, चिलट शे.’ घरात लहान मूल आहे, म्हणून भोकात सिमेंट भरायचं चाललंय. काय करावं? – एक भगिनी, अमळनेर

उत्तर : ताई, आधी ते सिमेंट थांबवा. तुमच्या भिंतीत पोया राहते. ती चिलट नाही, अस्सल मधमाशी आहे. शास्त्रीय नाव टेट्रागोन्युला. जुन्या पुस्तकांत ट्रायगोना असं सापडेल. लांबी जेमतेम चार मिलिमीटर, त्यामुळे सासूबाईंना चिलट वाटणं साहजिक आहे. तुमच्या काळजीचा मुद्दा असा, की हिला डंख मारता येत नाही. नांगी असते ती नावापुरती, झिजून गेलेली. फार छेडलं तर केसांत शिरते, कातडीला बारीक चावा घेते, त्यापलीकडे काही नाही. बाळाचा हात नळीला लागणार नाही एवढं बघा, बस.

ती नळी मेण आणि झाडांचा चीक कालवून केलेली असते. सकाळी ऊन भिंतीवर आलं की नळीच्या तोंडाशी बसून बघा. कडेला पहाऱ्यावरच्या माश्यांची डोकी ओळीने दिसतील. बाहेरून येणारीच्या मागच्या पायांकडे नजर ठेवा. पायाला मळकट पिवळा किंवा पांढरट गोळा असेल तर ती पराग घेऊन आली आहे. गोळा ओला, चकचकीत असेल तर तो चीक, घराच्या डागडुजीसाठी आणलेला. एवढ्याशा पायावर दोन्ही प्रकारची ओझी वाहून आणतात, आणि ती नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आत पोळं लटकलेलं नसतं. मेण आणि चिकाच्या छोट्या कुप्यांत मध साठवतात. त्यासाठी भिंत फोडायला सांगणारे भेटतील, ऐकू नका. मध निघतो थोडासा आणि वसाहत उद्ध्वस्त होते. आपल्याकडची धाब्याची घरं पडत चालली, तशी पोया विजेच्या मीटरच्या पेटीत, जुन्या पाइपात जागा शोधते. भिंत पाडायचीच वेळ आली, तर पोया पेटीत हलवणारा जाणता माणूस आधी गाठा. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे चौकशी करता येईल.

प्रश्न : तुळशीवर हिरवी, चकचकीत, तांदळाच्या दाण्याएवढी माशी येते. मोबाइलचं अॅप मधमाशी म्हणतं, मित्र म्हणतो शेणावरची हिरवी माशी. खरं काय? – महाविद्यालयीन विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : या वेळी अॅप बरोबर आहे. पण उद्या ते चुकलं तर तुला स्वतःला ओळखता आलं पाहिजे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रंगापासून सुरुवात करू नकोस. हिरवा रंग माशीला असतो, गांधीलमाशीच्या कुळातही असतो. पुस्तकं सांगतात, माशीला दोन पंख आणि मधमाशीला चार. खरं आहे, पण मधमाशीचे पुढचे-मागचे पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात. फुलावर ते मोजता येत नाहीत. त्यापेक्षा तोंड बघ. शेणावरच्या माशीचे डोळे डोकंभर पसरलेले आणि मिशा जेमतेम दिसतील एवढ्या आखूड. मधमाशीच्या मिशा लांब, मध्येच कोपरासारख्या वाकलेल्या. फुलासमोर हवेत एका जागी खिळून राहणारी पिवळ्या पट्ट्यांची असते ती बहुधा फूलमाशी, मधमाशी नव्हे. तिचाही डोळ्यांवरून आणि मिशांवरून निकाल लागतो.

मग पराग कुठे आहे ते पाहायचं. पोया, पेटीत पाळतात ती सातेरी आणि छोटी फुलोरी मधमाशी यांच्या मागच्या पायावर घट्ट गोळा दिसतो. जमिनीत घर करणाऱ्या बारीक माश्यांच्या पायांच्या केसांत तो कोरडा, विखुरलेला असतो. पानं कापणारीच्या पोटाखाली लागतो. तुझ्या फोटोतल्या माशीच्या पायांवर केस विरळ आहेत, अंग गुळगुळीत, धातूसारखं चमकणारं. ही सेराटिना, म्हणजे भुंग्यासारख्या मोठ्या काळ्या सुतार माशीची छोटी नातेवाईक. वंश इथवर फोटोवरून सांगता येतो. नेमकी जात ठरवायला नमुना भिंगाखाली धरावा लागतो, म्हणून मी सेराटिना म्हणूनच थांबते. वहीत एवढंच लिही. उगाच पुढचं नाव जोडू नकोस.

खात्री करायची तर तुळस सोडून वाळलेल्या काड्यांकडे जा. माझ्या अंगणात शंकासुर आहे. त्याची छाटलेली, मधला गर उघडा पडलेली काडी हिला आवडते. गर कुरतडून ती आत बोगदा करते. काडीच्या तोंडाशी भुसा दिसला की थांबायचं. घरात मादी असेल आणि मुंगी जवळ आली, तर ती पाठमोरी होऊन पोटाच्या टोकाने दार बुजवते. बाहेरून फक्त हिरवट काळी चकती दिसते. सोडून दिलेली काडी उभी चिरली तर आत एकामागे एक खोल्या सापडतात, मध्ये गराच्या भुश्याचे पडदे. प्रत्येक खोलीत परागाचा एक गोळा आणि त्यावर एकच अंडं घातलेलं असतं. तशाच काडीत पडदे नसले आणि सगळी पिल्लं एकाच पोकळीत असली, तर घर ब्राऊन्सॅपिसचं, म्हणजे काळ्या सडपातळ माशीचं. राहतं घर मात्र चिरायचं नाही.

फोटो काढताना बाजूने एक, तोंडाचा एक आणि मागच्या पायाचा एक, असे तीन घे. वरून काढलेल्या फोटोत नेमकं हवं ते झाकलं जातं. तारीख आणि फुलाचं नाव लिहायला विसरू नकोस.

प्रश्न : गुलाबाच्या पानांच्या कडेला कंपासने कापल्यासारखे गोल तुकडे गायब आहेत. कोणतं औषध मारू? – धुळे

उत्तर : कोणतंच नको. अळी पान कुरतडते तेव्हा कडा वेडीवाकडी होते. इतका स्वच्छ गोल कापणारी मेगाकाइली, पानकापी माशी. ती पानाचा तुकडा खात नाही, पोकळ नळीत नेऊन पिल्लाच्या खोलीला अस्तर लावते. गुलाबाला काही होत नाही.

प्रश्न : भरताची वांगी लावतो. मधमाश्यांच्या पेट्या ठेवाव्यात का? दुसरं असं, की शेतात काम करताना बारीक माश्या घामावर येऊन बसतात. त्या काय करतात? – शेतकरी, यावल तालुका

उत्तर : भाऊ, जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तुमच्या वांग्याबद्दल मी आदरानेच लिहिते. केळीला माशी फिरकली नाही तरी घड भरतो. वांग्याचं तसं नाही. वांग्याचा पराग नळीसारख्या पुंकेसरात बंद असतो आणि टोकाच्या छिद्रातून, हादरा बसला तरच झडतो. वाऱ्याने थोडा झडतो, पण फळधारणा चांगली होते ती माशीने फूल मिठीत धरून अंगाची थरथर केली की. पेटीतल्या सातेरीला ही थरथर येत नाही, म्हणून वांग्यासाठी पेट्यांवर पैसे घालू नका. हे काम निळ्या पट्ट्यांची अमेजिला, मोठी सुतार माशी आणि नोमियासारख्या मध्यम माश्या करतात. सकाळी वांग्याच्या ओळीत उभं राहिलं तर क्षणभराची बारीक ‘झूं’ ऐकू येते, ती हीच.

घाम चाटायला येतात त्या नोमियाच्याच कुळातल्या बारीक माश्या. त्यांना मीठ हवं असतं. हाताने झटका, मारू नका. चुकून दाबली गेली तर मादी हलकासा डंख मारेल. या आणि नोमिया, दोघींचीही घरं जमिनीत असतात.

शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या अळीसाठी तुम्हाला फवारणी करावी लागते, ते मी जाणते. आधी कामगंध सापळे लावा आणि मलूल शेंडे खुडून नष्ट करा. तरीही फवारायचंच झालं तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर. तुम्ही पाठवलेल्या बांधाच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात मोकळ्या जमिनीवर पेन्सिलएवढी भोकं आहेत, भोवती ताज्या मातीचं कडं आहे. ती घरं चालू आहेत. त्या पट्ट्यावर रोटाव्हेटर फिरवू नका, तणनाशकही नको. एकदा सकाळी तिथे बसून आत जाणाऱ्या माशीच्या पायांचा फोटो काढा आणि मला पाठवा. पराग पायांच्या केसांत असेल तर वंश कोणता ते पुढच्या अंकात सांगते.